सागाच्या रेघा

गिटारचं काय झालं ते विचारू नका राव. वडलांनी लावलेला साग पडला, ते गेल्यावर. त्याच्याच लाकडातनं गिटारची बॉडी कापली. रंगवायला आळेफाट्याला ट्रॅक्टर रंगवणाऱ्या अण्णांकडं नेली. म्हणलं, "लाल रंग सरबतासारखा पातळ मारा. खालचं लाकूड दिसलं पायजे."

"निवांत जा, भाऊ."

आणायला गेलो, तर बॉडी बॉनेटसारखी गुळगुळीत, लालभडक.

"अण्णा, लाकडाच्या रेघा कुठंयत?"

"लई व्हत्या! लाकूड दिसणार म्हणलात, म्हणून पत्र्याचे पोचे भरायची लांबी-पुट्टी लावून सगळ्या बुजवल्या."

मी तिथंच टायरवर बसलो. वडील गेले, साग गेला, आता रेघाबी गेल्या. अण्णांना माझी दया आली. ब्रश उचलून म्हणाले, "रडू नका. वरून काढून देतो. सागाच्या काढू का शिसवाच्या?"