पायाचा अंगठा हाताला

— नाही नाही, मान अशीच राहू द्या मास्तर. आरशातून माझ्या हाताकडे बघताय ना? बघा की, लाजता कशाला, सगळेच बघतात. पायाचा अंगठा आहे तो, डाव्या पायाचा. दुकानाचं शटर पडलं आणि हाताच्या अंगठ्याचा पार चेंदामेंदा झाला, मग डॉक्टरांनी पायाचा काढून इथं बसवला. बायको म्हणते, आता कुणाला अंगठा दाखवू नका, लाथ मारल्यासारखं होईल! हसू नका हो, फेस तोंडात जाईल.

तिनंच पाठवलं ना तुम्हाला? माहितीय मला — मास्तर जुनं गिऱ्हाईक, समजून घेतील. सकाळपासून आरसा पुसतेय, खुर्ची पुसतेय, आता पडद्यामागं बसलीय, पण कान इकडंच. या अंगठ्यानं वस्तरा आज पहिल्यांदा धरतोय मी. आणि नाही जमला तर दुसरं काय येतं मला? काही नाही. कात्री आणि वस्तरा, बास, संपलं.

ऑपरेशन? मला काय कळणार, मी झोपलेला. केसाहून बारीक दोऱ्यानं रक्तवाहिन्या शिवतात म्हणे, भिंगातून बघत — आणि माझा जन्म केसांत गेलाय, केस किती बारीक असतो ते मला विचारा! पण त्याच्या आधीच जीव नकोसा केला सगळ्यांनी. सिगारेट बंद, चहासुद्धा बंद, रक्तवाहिन्या आखडतात म्हणून. माझा भाऊ भेटायला आला तर हिनं दारातूनच घालवला, शर्टाला सिगारेटचा वास येतो म्हणून — सख्खा भाऊ हो! आणि नंतरचं तर विचारूच नका. खोली भट्टीसारखी तापवलेली, पंखा नाही, हात उशांवर उंच ठेवलेला, आणि सिस्टर सारखी येणार, अंगठा दाबणार, बघणार — पांढरा पडला का, परत लाल झाला का. मला कुणी विचारत नव्हतं कसं वाटतंय म्हणून, जो तो अंगठ्यालाच विचारायचा. रुसलेला जावई असतो ना घरात, तसं. आणि रुसलाच तो. निळा पडला. रक्त आत जायचं, बाहेर निघेना. मग ते शोषायला जळवा लावल्या — हो, जिवंत जळवा! आणि ही माझी बायको, पाल दिसली की टेबलावर चढणारी, ही स्टुलावर बसून त्या जळवांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करत होती, भलतीकडं सरकू नयेत म्हणून. झोप नाही, धड जेवण नाही. मी डोळे मिटून पडलो होतो, तिला वाटलं झोपलेत, तर अंगठ्याशी बोलत होती — राहा रे बाबा, एवढं ऐक माझं, राहा. माझ्याशी नाही बोलली कधी इतकं मायेनं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

राहिला तो. पण व्यायामानं दमलो हो मास्तर. मणी उचला, चिमटा दाबा, बाटलीचं झाकण फिरवा, परत मणी उचला. चालताना तोल जातो तो वेगळाच. जरा गाल फुगवा. लागतंय का? नाही ना? आता विचारावं लागतं. पूर्वी नाही विचारायचो, वस्तरा किती टेकलाय ते हातालाच कळायचं. आता बघून — म्हणजे तसं नाही, घाबरू नका, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तपासलं रीतसर. आपण डोळे मिटायचे, बाई बारीक दोऱ्याचं टोक अंगठ्याला लावणार, कळलं की हो म्हणायचं. मी एकदाही चुकलो नाही. म्हणजे — हळू बोलतो, हिला ऐकू जायला नको — त्यांच्या हातात बांगड्या होत्या. किणकिण झाली की मी हो म्हणायचो. काय करू? ही समोर उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत, एवढं सगळं करून. तिच्यासमोर नाही म्हणायचं? तुम्ही म्हणाला असता? येईल जाणीव, सावकाश येते, धीर धरा म्हणालेत डॉक्टर. येईलही. अजून आलेली नाही. लाकडाचा ठोकळा आहे नुसता. जाऊ द्या. हनुवटी वर करा, गळ्यापाशी आलोय, आवंढा गिळू नका —

मास्तर? अहो मास्तर, रक्त येतंय. अरे देवा. थांबा, तुरटी कुठंय — बारीक आहे, बारीकच आहे, दाबून धरा. मला कळलंच नाही हो! आणि ही कानापाशी दुसरी? ही कधी लागली? मघाशी विचारलं तेव्हा नाही म्हणालात ना! ओरडायचं नाही का? गप्प काय बसलात — पडद्याकडं काय बघताय? तिनं सांगितलं होतं? काही झालं तरी बोलू नका म्हणून?

उठा मास्तर. नाही, उठा. उरलेली दाढी समोरच्या दुकानात करून घ्या. टॉवेल असू द्या, गळ्याला लावून ठेवा. तिला काही बोलू नका, मी बोलतो. निघा तुम्ही.