सेन्सरवाले दिवे

अरे, आमच्या फ्रीगंजच्या ऑफिसात वीज वाचवायला सेन्सरवाले दिवे बसवले ना, तेव्हाची गोष्ट. माणूस हलला नाही की त्याच्यावरचा दिवा आपोआप बंद. बिल कमी आलं, साहेब एकदम खूश.

त्यातच आमच्या जोशीजींची बायको गेली. तेरावं उरकून ते कामावर आले आणि बिनखिडकीच्या कोपऱ्यात, आपल्या टेबलाशी नुसते बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांच्यावरचा दिवा गेला.

मी लांबूनच ओरडलो, "अहो जोशीजी, जरा हात हलवा ना!"

ते म्हणाले, "राहू दे रे भाऊ. घरी पण दिवे तीच लावायची."

मी खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी गेलो. माझ्या येण्यानं दिवा लागला, तेव्हा दिसलं, ते रडत होते.