विद्याकाकूंनी नको म्हटलेली जमीन

अरविंदकाका, इरा, आणि पार्सिपनीहून, त्याच्याही पलीकडून गाडी चालवत आलेल्या सगळ्यांनो,

देवळाच्या या हॉलमध्ये आपण हळदीकुंकवाला भेटतो, गणपतीत भेटतो. आज विद्याकाकूंसाठी भेटलोय. कुठून सुरुवात करू, कळत नाही. आवाज कापला तर सांभाळून घ्या.

मी मंजिरी, अरविंदकाका आणि काकूंची शेजारीण. काकू इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या, तेव्हा आपण पेढे वाटले होते. आठवतंय ना? शाळा तुडुंब भरली होती. मुलं मैदानात उभ्या केलेल्या ट्रेलरच्या तात्पुरत्या वर्गांत बसून शिकत होती, माझा ओंकारसुद्धा. नवी शाळा सगळ्यांनाच हवी होती.

मग बोर्डानं जमीन शोधली. पूर्वी तिथे रंगाचा कारखाना होता, म्हणजे मातीत शिसं, रसायनं मुरलेली असू शकतात. बंद दाराआड मीटिंग झाली. काकूंनी विचारलं, "माती तपासलीय का?" उत्तर मिळालं, नंतर बघू. मतदान झालं. सगळे हो म्हणाले. काकू एकट्या नाही म्हणाल्या.

त्यानंतर त्यांना किती बोलणी खावी लागली! देसी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये आपल्यातल्याच एकानं अडवलं, "काय यार काकू, शाळा नकोय का तुम्हाला?"

"हवी रे बाबा," काकू म्हणाल्या. "पण त्या मातीत पोरं खेळणार. बोर्ड नाही खेळणार."

त्याच सुमारास राज्यात एक विधेयक आलं. स्कूल डिस्ट्रिक्टनं, म्हणजे आपल्या बोर्डासारख्यांनी, जमीन घेण्याआधी किंवा विकण्याआधी लोकांसमोर सुनावणी घ्यायची, माती तपासायची, बंद दाराआड सौदा करायचा नाही. काकू म्हणाल्या, "मी विधेयकाच्या बाजूनं साक्ष द्यायला जाणार."

राज्याच्या राजधानीपर्यंत ड्राइव्ह मी केलं. रस्ताभर काकू पाठ केलेलं पुटपुटत होत्या. मी म्हटलं, "काकू, कॅन्सल करूया का?" त्या म्हणाल्या, "घाबरलेय ग. पण गाडी चालव."

तिथे एका सिनेटरनं विचारलं, तुम्ही स्वतः बोर्डावर आहात, मग स्वतःचेच हात का बांधून घेताय?

काकू पाठ केलेलं सगळं विसरल्या. म्हणाल्या, "त्या खोलीत काय होतं ते मी पाहिलंय. सगळी चांगली माणसं असतात. त्यांना घाई झालेली असते. आणि दार बंद असतं."

पुढच्या निवडणुकीत काकू पडल्या. कायदा मात्र झाला. मी धावत सांगायला गेले, तर काकू स्वयंपाकघरात नुसत्याच उभ्या होत्या. "मंजिरी, आधी झालेल्या व्यवहारांना तो लागू नाही," म्हणाल्या. म्हणजे इतर गावांतली मुलं वाचली. आपली जमीन तशीच राहिली.

इमारत उभी राहिली. तिच्यावरून जाताना काकू गाडीची काच वर करायच्या. मला ते अति वाटायचं. आम्ही भांडायचो. मी म्हणायचे, काकू, कदाचित काहीच नसेल तिथे. त्या म्हणायच्या, "नसेलही. मग तपासायला काय हरकत आहे?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे?

मागच्या शनिवारी काकूंचं हृदय थांबलं. हॉस्पिटलमध्ये काकूंची लेक इरा माझा हात धरून म्हणाली, "शी वॉज सो वरीड, आंटी. अबाउट अदर पीपल्स किड्स." दुसऱ्यांच्या मुलांची काळजी. आपल्या मुलांची.

सप्टेंबरमध्ये ती शाळा उघडतेय. ओंकारचं नाव तिथे लागलंय. त्यानं नवी बॅगसुद्धा निवडलीय. मला झोप लागत नाही.

येत्या मंगळवारी बोर्डाची खुली मीटिंग आहे. मी माइकसमोर उभी राहून माती तपासा म्हणणार आहे. आम्ही अजून व्हिसावर आहोत. मत नाही, इंग्रजी अडखळतं. घरी हे म्हणतात, कशाला नजरेत यायचं? मलाही भीती वाटते. तुम्ही बोलू नका हवं तर. पण माझ्या मागच्या खुर्च्यांवर येऊन बसा. काकू बोलल्या तेव्हा त्यांच्या मागे मी एकटीच होते.

आता सगळे उभे राहूया. डोळे मिटा, क्षणभर काकूंना आठवा.

काकू, वाकून नमस्कार करते. तुमची काळजी आता आमच्याकडे आलीय.