आलेली आणि बांधलेली

थांबवा. ते यंत्र थांबवा आधी, तो लाल दिवा घालवा — गेला? नक्की? — हां, आता ऐका. ही ओळ मी म्हणायची नाही. आधीच्या अकरा म्हटल्या ना मुकाट्यानं? चेटकीण खोकते, चेटकीण हसते, चेटकीण 'इकडे ये गं पोरी' म्हणते, सगळं केलं. तुम्ही म्हणालात, आजी, आणखी एकदा खोका, मी आणखी एकदा खोकले, आता खराच खोकला लागलाय. पण ही बारावी नाही. तुम्ही या हेडफोनमधून कानात वाचून दाखवलीत आणि मी माईकपासून मागेच सरले — पाणी? नको, उठू नका. बाहेर बाकावर माझी बहीण बसलीय, तिच्या पिशवीत बाटली आहे. नको हो, तिच्याकडेही मागू नका. तुम्ही 'द्या' म्हणालात तर लगेच देईल ती. म्हणूनच नको म्हणते.

तुमचा खोळंबा होतोय, कळतंय मला. पण नातीनं तुम्हाला सांगितलं नसेल, मला सांगू द्या. तुमच्या या कॉम्प्युटरवरच्या खेळाची गोष्ट तिनं लिहिली, माझ्याकडूनच लहानपणी ऐकलेली, आणि वर म्हणाली, आजीचा आवाज हवा तर आजीलाच आणूया, कशाला दुसरी शोधा. मला अक्षर येत नाही, पण कान शाबूत आहेत. एक मुलगी असते, तिला झपाटलेलं असतं. खेळणाऱ्यानं दोरा शोधायचा, नाव शोधायचं, मग माझ्याकडे यायचं. मी म्हणजे चेटकीण ते नाव घेते, सात गाठी मारते, आणि मुलगी बरी. मग ती खेळणाऱ्याच्या मागे मागे फिरते, त्याचं ओझं वाहते, त्याच्या जखमा बांधते, पुढे हो म्हटलं की पुढे, थांब म्हटलं की थांब. आणि तुम्ही वरून टाळ्या वाजवणार. असंच ना? — इथंच तर घोळ आहे. मी नातीला म्हटलं, अगं, तू दोन निरनिराळ्या गोष्टी एका डब्यात कोंबल्यास. ती म्हणते, आजी, शेवटी दोन्हीकडे भूतच ना. दोन्हीकडे भूतच! एवढी शिकली, पण हे नाही शिकली. अहो, झपाटणं म्हणजे कुणीतरी येणं. बाहेरून येतं, स्वतःच्या मर्जीनं येतं, आदळआपट करतं आणि मन भरलं की जातं. पाहुणा दांडगा असतो, पण घर तुमचंच राहतं. बांधलेल्यात कुणी येत नाही हो. तिथं आतलं माणूसच दाराशी आणून उभं करतात, आणि ते तिथंच उभं राहतं, हुकमाची वाट बघत. आणि आवाज — तुम्ही तर आवाजाचं काम करता, तुम्हाला तरी कळायला हवं. झपाटलेली असते तेव्हा त्या मुलीचा आवाज घोगरा केलात, बरोबर. बरी झाल्यावर गोड केलात, चूक. झपाटलेली दुसरीच्या आवाजात स्वतःच्या मनातलं बोलते, आणि बांधलेली स्वतःच्या आवाजात दुसऱ्याच्या मनातलं. गोडबीड काही नसतो तो. तिचा तिचाच असतो, अगदी हुबेहूब, आणि तेच फार वाईट.

मला कसं ठाऊक? — बघितलंय म्हणून ठाऊक. ती बाकावरची, ती माझी ताई. ती सतरा-अठराची असेल, मी दहाची. आई नव्हती आम्हाला, माझ्या वेण्या ताई घालायची, माझं पांघरूण, माझं जेवण, सगळं ताई. आणि एका दुपारी कपडे वाळत घालता घालता तिच्यात कुणी तरी आलं. हातातली चादर खाली टाकली, बाबांकडे वळली, आणि असा जाड, थोराड बाईचा आवाज — 'काय रे, खिडक्या का बंद ठेवतोस? या घरात श्वास घेता येत नाही.' बाबांना 'काय रे'! बाबांपुढे आमच्या काकांचा आवाज फुटत नव्हता, आणि ही 'काय रे'! मला भीती वाटायच्या आधी हसूच आलं, खोटं कशाला सांगू. मग दर चार-आठ दिवसांनी यायची ती. यायची, डाव्या हातानं जेवायची, सगळी दारं उघडून टाकायची, म्हणायची, मी निघणार इथून, पलीकडे डोंगर आहेत, पाणी आहे. आणि गेली की ताई दमून बसायची, पण चेहरा कसा, तर न्हाऊन आल्यासारखा. मी तिला एकदा विचारलं, ताई, दुखतं का गं? ती माझे केस विंचरत होती. म्हणाली, नाही गं बाळा, ती आधी विचारते, येऊ का म्हणून. मी हो म्हटलं तरच येते. मला आजवर कुणी असं विचारलं होतं का सांग. — आणि मग म्हणाली, एक दिवस मी तिच्याबरोबरच जाईन बहुतेक.

हसू नका. — बरं, हसला नाहीत. दिव्याचा उजेड पडतो या तुमच्या-माझ्यामधल्या काचेवर, मला नीट दिसत नाही.

बाबांनी दोरेवाली आणली. म्हातारी नव्हती हो, तुमच्या चित्रात आहे तशी, चांगली तिशीची होती, नीटनेटकी, चष्मा लावलेली, शिलाईकाम करायची एरवी. तिनं ताईला खुर्चीत बसवलं, रीळ माझ्या हातात दिलं — मी सोडत जायचं, ती गाठी मारत जाणार. म्हणाली, आलेलीचं नाव हवं, नावाशिवाय गाठ बसत नाही. बाबांना ठाऊक नव्हतं. ताई ओठ मिटून बसली. मग ती बाई माझ्याकडे वळली, तुला माहीत आहे का गं? मला माहीत होतं. ताईनं फक्त मला सांगितलं होतं. आणि मी — दहा वर्षांचं पोर ते, घाबरले, गोंधळले, तोंडातून भलतंच गेलं. आलेलीचं नाव सांगायचं ते ताईचंच सांगितलं. खरं नाव, कागदावरचं, घरात कुणीच न घेणारं. त्या बाईला काय कळणार, तीही सगळ्यांसारखी ताईच ऐकून होती. तिनं त्याच नावानं सात गाठी मारल्या. बाबा? बाबांनी ऐकलं की. खिडक्या लावायला उठले.

गाठी झाल्या आणि ताई खुर्चीवरून उठून म्हणाली, स्वयंपाक करू का? तिच्याच आवाजात. सगळे किती खूश! बरी झाली, बरी झाली. आणि तेव्हापासून आजतागायत, साठ वर्षं झाली, भाऊ, ताईनं कुणी सांगितल्यावाचून एक गोष्ट केलेली नाही. लग्न करतेस का — तुम्ही म्हणाल तसं. नको करूस — बरं. माझं लग्न झालं, मी म्हटलं, ताई, चल माझ्याबरोबर, आली. माझी तिन्ही मुलं तिनं वाढवली, आणि ही नात, तुमची लेखिका, तीही. माझ्या हाताला कधी चटका बसला नाही की कधी जागरण घडलं नाही. लोक म्हणतात, अशी बहीण मिळायला नशीब लागतं. एकदा मी गावाला गेले, जेव म्हणायची विसरले —

— जाऊ दे ते.

काय? पुन्हा बोला, बटण दाबून बोला. — सोडवता येत होतं का? हे विचाराल असं वाटलंच होतं मला. दोरा काय, कधीच कुजला. गाठ दोऱ्यात नसते, नावात असते. दोरेवाली जाताना दारात मला म्हणाली होती. तिच्या ध्यानात आलं असावं काहीतरी, माझ्याकडे बघतच राहिली आणि हळूच म्हणाली, पोरी, कधी सोडायचं झालं तर त्याच नावानं हाक मार आणि पुढे काही म्हणू नकोस. बस म्हणू नकोस, ये म्हणू नकोस, एक शब्द नाही. बांधताना नावापुढे हुकूम असतो, सोडताना नावापुढे काही नसतं. एवढंच. इतकं सोपं. फुकट, बसल्या जागी. साठ वर्षांत मला जमलं नाही.

का म्हणजे? — घाबरले नव्हते मी. बघा, काढून घेतलंत ना माझ्याकडून, या कोंदट खोलीत बसवून! गोंधळलेही नव्हते. डोकं अगदी ताळ्यावर होतं. आलेलीचं नाव सांगितलं तर ती बांधली जाईल, ताई बरी होईल, मग लग्न होऊन जाईल. नाही सांगितलं तर ताई तिच्याबरोबर डोंगरापलीकडे जाईल. कसंही झालं तरी माझ्या वेण्या कोण घालणार? दहा वर्षांची होते, पण हिशेब पक्का होता. ते रीळ माझ्याच हातात होतं, भाऊ. मी दोरा सोडत गेले.

आणि आज तुम्ही कानात ती ओळ वाचलीत, तर तिच्यात ताईचं तेच नाव. नातीला ट्रंकेत ताईचा जुना दाखला सापडला असणार, नाव आवडलं असेल, आता कुणी ठेवत नाही असलं नाव. मोठ्या आजीचं आहे हे तिला कुठून कळणार, बापाचं नाव आणि आडनाव वाळवीनं खाल्लेलं. ते तिनं खेळात घातलं. म्हणजे किती जण खेळतील हे? — लाख? लाख तोंडांनी तेच नाव, आणि प्रत्येक वेळी पुढे सात गाठी? आजवर घरच्या चार माणसांचाच हुकूम होता हो तिच्यावर. — असेल, तुमच्यासाठी नुसता खेळ असेल. ते नाव काढा. नातीला मी सांगेन, तुम्ही आत्ता काढा. आणि दुसरं एक काम. बाहेर जा आणि तिला विचारा, आत यावंसं वाटतं का. 'या' म्हणू नका. विचारा फक्त.

…काय म्हणाली?

'ती म्हणेल तसं.' — हं. ठाऊकच होतं. आणा मग. आणा आत, हा शेवटचा हुकूम माझा.

ये, ताई. बस — नाही, बसू नकोस, म्हणजे, तुला हवं तर — हे देवा, मला हुकमाशिवाय बोलताच येत नाही हिच्याशी! भाऊ, माईक बंद आहे ना? हे तुम्ही ऐकायचं नाही. मीच तुझ्या कानाशी येते, तू नको वाकूस.

…

झालं. म्हटलं मी. नुसतं नावच म्हटलं.

ती माझ्याकडे बघतेय. भाऊ, बघताय ना काचेतून? माझ्याकडे बघतेय, मी काही सांगायच्या आधीच. — उठली. पिशवी ठेवली तिनं. पिशवी तिथंच ठेवून — अडवू नका, बाजूला व्हा, दार उघडं असू द्या. बाहेर एवढं ऊन, रस्त्यावर गाड्या, तिला रस्ता ठाऊक नाही हो इथला, पायात चपला तरी — ताई! ताई, थां—