गोल वाढवायचे मामीचे उपाय

तुम्ही हसाल, पण आइस हॉकीत गोल कसे वाढवायचे, हे आमच्या दाभोशाच्या मामीने एका कॅनडाच्या माणसाला शिकवलंय, आणि मधे दुभाष्या मी होतो.

पीटर धबधबा बघायला आलेला, आणि मामीकडे जेवायला थांबलेला. त्याने मोबाईलवर बर्फावरच्या हॉकीची जुनी मॅच लावली. मामी नागलीच्या भाकऱ्या थापता थापता बघत होती. मॅच संपली, तेव्हा अख्ख्या खेळात गोल झाला होता एकच.

"एवढी धावपळ करून एकच?" मामी म्हणाली.

पीटर म्हणाला, "आमच्याकडेही हीच ओरड आहे. गोल वाढवायला काय करावं, यावर लोक भांडतात."

"त्यात भांडायचं काय? त्या हरलेल्या गोलकीपरने पायांना गाद्या बांधल्यात, त्या आधी काढा. आणि ती जाळी गोठ्याच्या दाराएवढी करा."

मी सांगितलं. पीटरचा चेहरा उतरला.

"नाहीतर त्या जाड्याला घरीच बसवा. उगाच वाट अडवून उभा राहतो."

हे मी जरा गोड करून सांगणार होतो, पण घाईत जसंच्या तसं गेलं. पीटर हळूच म्हणाला, "मुखवट्याआडचा तो जाड्या मीच. गोल अडवण्यावरच माझं पोट चालतं."

मी मान खाली घालून मामीला तेही सांगितलं. तिने पीटरला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मग विचार त्याला," ती म्हणाली, "एवढा मोठा माणूस दारात उभा असताना तो एक गोल तरी आत गेलाच कसा?"