आतली जागा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मास्तर मांडीवर प्रिंटर घेऊन बसले होते. त्यांच्या पुढच्या आजींचा नंबर लागला, तसं मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं आणि कान आजींकडे लावले.

"आजी, तुमचा कॉम्प्युटर अपडेट होत नाही, कारण जागा नाही," दुरुस्तीवाला म्हणाला.

"अहो, जागा केली की! फुलदाणी हलवली, टेबल भिंतीपासून ओढलं."

"टेबलावरची नव्हे हो, आतली."

"आतली? मी तर साधं पत्रसुद्धा लिहीत नाही त्यावर. आणि रविवारच्या आत होऊ दे बाबा, नातीचा व्हिडिओ कॉल असतो. मागच्या रविवारी नुसताच काळा पडदा."

"अपडेट झालं की दिसेल. पण आत नातीचाच एक व्हिडिओ आहे, चाळीस वेळा उतरवलेला."

"रोज बघते ना, म्हणून रोज घेते."

"एकदा घेतला की पुरे. तोच परत बघायचा."

"शिळा?"

मास्तरांनी वर्तमानपत्र तोंडावर ओढलं.

"एकोणचाळीस पुसतो. भरपूर जागा होईल."

"पुसा मग. नात दिसायला हवी, बाकी काही नको. फक्त सोमवारचा तेवढा ठेवा हं."

"आजी, सगळे सारखेच आहेत. एकाच व्हिडिओच्या प्रती."

"सारखे कसे असतील? सोमवारी ती माझ्याकडे बघून हसली."

दुरुस्तीवाल्याने माऊस धरला, सोडला, परत धरला.

"कुठल्या सोमवारी, आजी?"