कलमाचं काम

उभेच राहा, भाऊराव. तो बाक पेशंटचा आहे, पाटणहून येऊन ओरडणाऱ्यांचा नाही. मी रागावलो नाही — कारखान्याच्या धुरानं छाती गेली, म्हणून हळू बोलून राहिलो. हळू बोललं की लोकांना वाटतं, म्हातारा गरीब आहे. तसं समजू नका.

भरल्या वॉर्डासमोर धाकट्या भावाला काय म्हणालात? मालीगिरी करून राहिला म्हणे. खुरपं पडलं त्याच्या हातून — हात एकच, त्यातून पडलं. आता आत भिंतीकडे तोंड करून पडलाय, अन् तुटलं मनगट परत चादरीत. ते बाहेर काढायला काय काय करावं लागलं, तुम्हाला काय माहीत? लढाई लागली, दारूगोळ्याच्या कारखान्यात रातपाळीवर रातपाळी, पोरगं पेंगलं, पत्रा दाबायच्या प्रेसनं पंजा नेला — एवढंच तुम्हाला कळलं. पुढचं मी पाहिलं. जेवत नव्हता. डोळे उघडे ठेवून पडायचा. डॉक्टरीणबाई, विनताबाई, त्या म्हणाल्या, बळीराम, याला बगीचात न्या, माती धरू द्या. आम्ही पेशंटच खपतो इथं — कोणाचं बोट नाही, कोणाचा कान. मी म्हटलं, चल गुणवंत, तुला कलम बांधायला शिकवतो. तर हसला. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणे, "बाबा, हाथ तो कलम हो गया, अब क्या सिखाओगे?" हात तुटला तरी हिंदीत कलमच म्हणतात ना — मग मीही हसलो. काय करता?

अच्छा, तो निरोप. निरोप त्यानंच धाडला, बस कंडक्टरजवळ, हौसेनं — दादाला सांगा, मी कलमाचं काम शिकून राहिलो. अन् तुम्ही कलम म्हणजे लेखणी समजून त्याला हापिसातला बाबू केलं. गावात पेढे वाटले, त्याच्या लग्नाचा मुलीच्या बापाला शब्द दिला, खिशाला नवं पेन लावून आलात. काहून? कोणत्या हातानं लिहिणार होता तो? उजवा गेलाय, भाऊराव. उजवा. एवढं तरी विचारायचं होतं कोणाला.

इकडे पाहा — पाहा, हात नका लावू. हा देशी गुलाबाचा खुंट, त्यात लाल गुलाबाचा डोळा बसवलाय. सुतळीचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, अन् खुंट दाबून धरतो कशानं? त्याच मनगटानं, जे तुमच्यापुढं लपवून राहिला. काही डोळे सुकले. हा धरला. अजून पालवी फुटायची आहे, तोवर राहू द्या त्याला. तुम्ही नेऊन काय कराल — ओसरीवर बसवाल. येणारा-जाणारा हळहळेल, तुम्ही चहा पाजाल त्याला.

अन् इतके दिवस कुठं होते? मी रोज सांगत होतो त्याला, घरचं कोणी येत नसतं रे, वाट पाहू नको. येतच नसतं कोणी. माझा पोरगा अंबादास रांझीहून सायकलनं निघतो, याच फाटकापुढून ड्यूटीला जातो, वळणावर घंटी वाजवतो — ती घंटी ओळखतो मी — मान नाही वळवत. असो. त्याचं इथं काय काम? तुमचं बोलत होतो मी. तुम्ही आलात. ओरडत का होईना, बस धरून आलात. तीच तर पंचाईत केली तुम्ही. मला खोटं पाडलं.

हाक नका मारू त्याला. तुम्ही म्हटलं तर तो नाही म्हणणार नाही, माहीत आहे मला. थोडं थांबा, विनताबाई येतील, त्या सांगतील नीट —

मारलीच हाक.

आला. गाठोडं घेऊनच आला. राहू दे, गुणवंत, पाया नको पडू. उशीर होईल. भाऊराव, वाफा ओला आहे, कडेकडेनं चला. अन् फाटक ओढून घ्या जाताना. गाई शिरतात.